आवर्ती कामांच्या नियोजनाचा इतिहास : युनिक्समधील ‘क्रॉन’ आणि नीरा खोऱ्यातील पाळी

प्रस्तावना

ठरावीक वेळी, पुन:पुन्हा आणि कोणी आठवण न करता एखादे काम व्हावे, ही मानवी व्यवहाराची फार जुनी गरज आहे. प्रहराची घंटा, देवळातील नित्यपूजा, कालव्याचे आवर्तन, बँकेतील दिवसअखेरचा ताळेबंद ही तिचीच निरनिराळी रूपे होत. संगणकाच्या क्षेत्रात ही गरज ज्या साधनाने प्रथम व्यापक प्रमाणावर भागविली, ते साधन म्हणजे युनिक्स या कार्यप्रणालीतील ‘क्रॉन’. काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी या नावाचे नाते सांगितले जाते. महाविद्यालयाच्या सर्व्हरवरील माहितीची रात्री निघणारी प्रत, बँकांच्या यंत्रणेतील ठरावीक वेळचे हिशेब, संकेतस्थळांची देखभाल अशी असंख्य कामे आजही क्रॉन किंवा त्याचे वंशज पार पाडीत असतात.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशा साधनांची नोंद बहुधा आवृत्त्या आणि निर्माते यांच्या यादीपुरती होते. प्रस्तुत लेखात थोडा वेगळा मार्ग स्वीकारला आहे. बारामती व इंदापूर या तालुक्यांमध्ये नीरा डाव्या कालव्यामुळे पाळीने पाणी घेण्याचा अनुभव सव्वाशेहून अधिक वर्षांचा आहे. या अनुभवाच्या प्रकाशात क्रॉनचा इतिहास वाचला असता असे दिसून येते की, आवर्ती कामाचे खरे यश वेळापत्रक किती नेमके आहे यावर अवलंबून नसते. चुकलेल्या पाळीचे काय होते, सर्वांची पाळी एकाच वेळी आली तर काय होते आणि काम न झाल्याची खबर कोणाला मिळते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते अवलंबून असते. या प्रतिपादनाची मांडणी पुढे केली आहे.

नीरा डाव्या कालव्यावरील पाळी

१८७६-७७ च्या दुष्काळानंतर दख्खनमधील सिंचनाच्या कामांना गती मिळाली. वीर येथून निघून पुरंदर, बारामती व इंदापूर तालुक्यांतून जाणारा नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात वाहू लागला. पुढे भाटघर येथील लॉईड धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्याचा साठा वाढला. दीडशे किलोमीटरहून लांब असलेल्या या कालव्याच्या माथ्याशी असलेला शेतकरी आणि इंदापूरकडील शेवटच्या टोकाचा शेतकरी यांच्यातील अंतर केवळ भौगोलिक नव्हते. पाणी माथ्याला आधी दिसते व टेलला सर्वांत शेवटी पोहोचते. त्यामुळे पाण्याचे वाटप हा प्रारंभापासूनच नियोजनाचा प्रश्न होता.

या प्रश्नाला दोन पातळ्यांवर उत्तरे शोधली गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्यातील कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत मांडली. ठरावीक क्षेत्राला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यावी आणि त्या क्षेत्रात पिकांची फेरपालट व्हावी, हे तिचे सूत्र होते. ही वर्षांच्या हिशेबातील योजना होय. दुसरी पातळी दिवसांची व तासांची. शेतकऱ्याने नमुना क्रमांक ७ वर पाण्याची मागणी करावयाची, तिला मंजुरी मिळाली की आवर्तनाच्या वेळी चारीवरील शेतांना ओळीने पाणी द्यावयाचे, अशी ही ‘शेजपाळी’. शेजारच्या क्रमाने येणारी पाळी असा या शब्दाचा बोध होतो. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे अधिनियमाची जागा १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमाने घेतली, तरी शेजपाळी हा शब्द आणि व्यवहार टिकून राहिला.

येथे उत्तर-पश्चिम भारतातील वाराबंदीशी तुलना करणे उद्बोधक ठरते. वाराबंदीत प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या प्रमाणात आठवड्यातील ठरावीक वार व ठरावीक वेळ मिळते. त्या वेळात कालवा बंद असेल तर त्याची पाळी गेली. भरपाई म्हणून दुसरी वेळ मिळत नाही. शेजपाळीचे मूळ सूत्र मात्र घड्याळापेक्षा क्रमाचे आहे. आधीच्या शेताचे भिजणे झाले की पाणी पुढच्या शेताकडे वळते. यात वेळ मागेपुढे होते, पण क्रम टिकतो. घड्याळाने बांधलेल्या पद्धतीत शिस्त अधिक आणि क्रमाने बांधलेल्या पद्धतीत सामावून घेण्याची शक्ती अधिक, असा हा भेद आहे. शेजपाळीची दुर्बलताही याच गुणातून येते. वरच्या शेतांनी वेळ अधिक घेतला, तर आवर्तन संपेपर्यंत टेलची पाळी येतच नाही. म्हणूनच आधी टेलला आणि मग माथ्याला पाणी देण्याचे ‘टेल टू हेड’ धोरण पुढे करावे लागले. घड्याळ आणि क्रम यांतील हाच भेद क्रॉनच्या इतिहासात पुन्हा भेटतो.

एका तक्त्यापासून अनेक तक्त्यांपर्यंत

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतून १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यातील क्रॉनची रचना अत्यंत साधी होती. संपूर्ण यंत्रासाठी एकच तक्ता असे. त्यातील प्रत्येक ओळीत मिनिट, तास, महिन्याचा दिवस, महिना आणि आठवड्याचा वार असे पाच रकाने आणि त्यांच्यापुढे करावयाच्या कामाची आज्ञा लिहिलेली असे. ‘३०’ व ‘२’ हे आकडे पहिल्या दोन रकान्यांत आणि उरलेल्या तीन रकान्यांत तारका लिहिल्या की ‘रोज पहाटे अडीच वाजता’ असा अर्थ होई. क्रॉन दर मिनिटाला जागा होई, तक्ता वाचे, त्या मिनिटाला लागू होणारी कामे सुरू करून देई आणि पुन्हा झोपी जाई. ही सर्व कामे यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालत. सामान्य वापरकर्त्याला त्या तक्त्यात स्वत:ची ओळ लिहिण्याचा अधिकार नव्हता.

ही मर्यादा लवकरच जाणवली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात सुमारे शंभर वापरकर्त्यांच्या एका व्हॅक्स संगणकावर प्रत्येकाला ही सोय देण्याचा प्रयोग झाला. दर मिनिटाला सर्वांचे तक्ते वाचण्याचा भार यंत्राला पेलवला नाही. तेव्हा रॉबर्ट ब्राउन यांनी निराळी युक्ती योजली. प्रत्येक काम पुढच्या कोणत्या क्षणी करावयाचे हे आधीच काढून त्या क्षणांच्या क्रमाने सर्व कामांची रांग लावायची, आणि रांगेतील पहिल्या कामाची वेळ होईपर्यंत क्रॉनने झोपून राहायचे. वेळेनुसार घटनांची रांग लावण्याची ही कल्पना फ्रांटा व माली या संशोधकांच्या १९७७ मधील लेखावर आधारलेली होती. पुढे सिस्टिम व्ही या आवृत्तीसोबत प्रत्येक वापरकर्त्याला स्वत:चा तक्ता मिळाला. १९८७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेला मुक्तपणे उपलब्ध असलेला क्रॉन पुढील काळात लिनक्ससह अनेक प्रणालींवर रूढ झाला आणि ‘क्रॉनटॅब’ हा शब्द संगणक व्यवस्थापकांच्या रोजच्या बोलण्यात आला.

या टप्प्याचे ऐतिहासिक महत्त्व केवळ तांत्रिक नाही. तक्ता कोणाच्या हातात, हा अधिकाराचा प्रश्न असतो. एका तक्त्याऐवजी अनेक तक्ते आल्याने वापरकर्ता अर्जदार न राहता स्वत:च्या वेळेचा स्वामी झाला. महाराष्ट्रात सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम २००५ मध्ये आला. पाणीवापर संस्थेला पाणी मोजून द्यावे आणि आतील पाळी संस्थेने स्वत: ठरवावी, ही त्याची दिशा याच स्वरूपाची आहे. मात्र तक्ता हाती आल्याने पाणी येतेच असे नाही. मूळ स्रोत सामाईक असतो व त्याच्यावरील भार वाटून घ्यावाच लागतो, हे पर्ड्यू येथील प्रयोगाने आणि कालव्याच्या अनुभवाने सारखेच दाखवून दिले.

मुंबईतील टप्पा

भारतात युनिक्सला बळ देणाऱ्या घटनांमध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयीच्या रंगराजन समितीचा १९८४ चा अहवाल आणि १९८६ मध्ये सुरू झालेला अर्नेट हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प यांचा उल्लेख करावा लागतो. अर्नेटमध्ये मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि आयआयटी मुंबई या संस्था आघाडीवर होत्या. १९८६-८७ च्या सुमारास या जाळ्यावर सुरू झालेली पहिली सेवा म्हणजे यूयूसीपी या पद्धतीने साध्या दूरध्वनी तारेवरून चालणारा ई-टपाल होय.

यूयूसीपीचे वैशिष्ट्य असे की, यात दोन यंत्रे सतत जोडलेली नसत. पत्रे एका ठिकाणी साठवून ठेवली जात, आणि नेमलेल्या वेळी एक यंत्र दुसऱ्या यंत्राला दूरध्वनी करून साठलेली पत्रे देई व घेई. युनिक्सवर या फेऱ्यांची वेळ सांभाळण्याचे काम क्रॉनकडे सोपविण्याची रीत होती. यूयूसीपीबरोबर दर तासाला चालवावयाच्या आज्ञा त्यासाठीच दिलेल्या असत. म्हणजेच इंटरनेटपूर्व काळातील संगणकीय टपाल हे शब्दश: पाळीचे टपाल होते. तार मोकळी मिळेल तेव्हा पत्रे पुढे सरकत आणि फोन लागला नाही तर पुढील फेरीची वाट पाहावी लागे. मात्र न गेलेले पत्र नाहीसे होत नसे. ते रांगेत राही. घड्याळ क्रॉनचे आणि क्रम साठवणीच्या रांगेचा, अशी ही दुहेरी रचना होती. साधने तोकडी असताना ती उपयोगी पडली, ही बाब लक्षणीय आहे.

चुकलेली पाळी

मूळ क्रॉनची सर्वांत मोठी उणीव त्याच्या गृहीतकात होती. यंत्र अहोरात्र सुरू आहे असे तो धरून चालतो. पहाटे अडीचच्या कामाच्या वेळी वीज गेलेली असेल, तर तीन वाजता यंत्र सुरू झाल्यावर क्रॉन मागे वळून पाहत नाही. ती पाळी गेली ती गेलीच. वाराबंदीतील शेतकऱ्याची स्थितीही हीच. भारनियमनाचा अनुभव असलेल्या आपल्या भागातील कार्यालयांत, जेथे संध्याकाळी संगणक बंद करून जाण्याची पद्धत आहे, तेथे रात्रीचे काम कधीच न होण्याचा संभव यातून निर्माण होतो.

या उणिवेवर ‘ॲनाक्रॉन’ हे उत्तर निघाले. ते वेळ विचारीत नाही, अंतर विचारते. ‘हे काम शेवटचे झाले त्याला किती दिवस लोटले?’ असा त्याचा प्रश्न असतो. ठरलेल्या दिवसांहून अधिक दिवस झाले असतील तर यंत्र सुरू झाल्यावर थोड्या वेळाने ते काम करून घेते. २००७ मध्ये व्हिक्सी यांच्या क्रॉनपासून निघालेल्या ‘क्रोनी’ या शाखेत पुढे ॲनाक्रॉनचाही समावेश झाला. २०१० मध्ये आलेल्या सिस्टिमडी या लिनक्सवरील व्यवस्थेच्या टायमरमध्येही बुडालेली पाळी भरून काढण्याची सोय पुढे झाली. घड्याळाच्या पद्धतीला क्रमाच्या पद्धतीकडून हे उसने घ्यावे लागले, असे म्हणता येईल.

संगणकाबाहेरील व्यवहारात हीच गोष्ट कायद्याने साधली जाते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळावेत आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज द्यावे, अशी तरतूद आहे. रिझर्व्ह बँकेच्या एनईएफटी व्यवस्थेत १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तासांत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ तुकड्यांनी रकमा पुढे जातात. खात्यात रक्कम जमा करता आली नाही तर तुकडीनंतर दोन तासांच्या आत ती परत पाठविणे बँकेला बंधनकारक असते आणि विलंबासाठी दंडव्याज द्यावे लागते. बारामती-इंदापूरच्या ऊस उत्पादकाचा या दोन्ही नियमांशी थेट संबंध येतो. वेळापत्रकाइतकाच ‘वेळ चुकल्यास काय’ हा नियमही लिहून ठेवला गेला, हे येथे महत्त्वाचे आहे. जेथे तो लिहिलेला नसतो, तेथे चुकलेल्या पाळीची किंमत रांगेतील सर्वांत शेवटचा माणूस मोजतो.

एकाच वेळी आलेली पाळी

दुसरा प्रश्न गर्दीचा. महाराष्ट्रात कृषिपंपांना थ्री फेज वीज दीर्घकाळ पाळीने, कधी दिवसा आठ तास तर कधी रात्री दहा तास, अशी मिळत आली. रात्री-अपरात्री मोटार सुरू करण्यासाठी विहिरीवर जाणे कष्टाचे व धोक्याचे असल्याने शेतकऱ्यांनी स्टार्टरला ‘ऑटो स्विच’ बसविले. वीज येताच मोटार आपोआप सुरू होते. वैयक्तिक पातळीवर हा उपाय पूर्णपणे समजण्यासारखा आहे. परंतु एका रोहित्रावरील सर्व पंप एकाच क्षणी सुरू झाले की त्या क्षणीचा भार रोहित्राला सोसवत नाही आणि ते जळते. एक डीपी जळाली की सर्वांचेच भिजवणे थांबते. यासाठी महावितरण ऑटो स्विच काढून टाकण्याचे व कपॅसिटर बसविण्याचे आवाहन वेळोवेळी करीत आले आहे. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हा या प्रश्नाच्या मुळाकडे जाण्याचा प्रयत्न होय.

क्रॉनच्या जगात हीच घटना मध्यरात्री घडते. व्यवस्थापकांना बाराचा ठोका सोयीचा वाटतो. एकेका यंत्रावर त्याने फारसे बिघडत नाही, पण हजारो यंत्रे एकाच केंद्राकडे एकाच मिनिटाला विचारणा करू लागली की केंद्र कोलमडते. यावरील उपाय मोठा बोलका आहे. डेबियन या लिनक्स वितरणाने दैनिक कामांसाठी सकाळी ६ वाजून २५ मिनिटे अशी आडवेळ निवडली. संकेतस्थळांना ९० दिवसांची सुरक्षा प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने नूतनीकरणासाठी तासाचा ठोका टाळून कोणतेही यादृच्छिक मिनिट घेण्यास सांगितले. सिस्टिमडीच्या टायमरमध्ये काही सेकंदांचा अनिश्चित विलंब मुद्दाम घालण्याची सोय आहे. अचूकतेसाठी जन्मलेल्या साधनाला अखेर थोडी अनियमितता शिकावी लागली. शेजपाळीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिच्या व्याख्येतच एकामागून एक हे तत्त्व आहे.

पहारा

तिसरा प्रश्न खबरीचा. क्रॉन काम सुरू करून देतो. ते नीट पार पडले की नाही याची चिंता तो करीत नाही. आधीची फेरी संपली नसली तरी वेळ होताच तो दुसरी सुरू करतो. कामातून काही मजकूर बाहेर पडला तर तो तक्त्याच्या मालकाला पत्राने पाठविण्याची सोय क्रॉनमध्ये आहे. पण ही पत्रे बहुधा कोणी उघडीत नसलेल्या पेटीत साठत जातात. आणि काम सुरूच झाले नाही तर पत्रही येत नाही. काम सुरळीत झाल्याचे मौन आणि काम मुळीच न झाल्याचे मौन यांत फरक करता येत नाही, हा स्वयंचलित व्यवस्थेतील सर्वांत गंभीर धोका होय.

कालव्यावर हे मौन फार काळ टिकत नाही, कारण तेथे पाटकरी असतो आणि ज्याच्या उसाला पाणी मिळाले नाही तो शेतकरी बोलतो. खानदेशातील पांझरा खोऱ्यातील फड पद्धतीत तर पाटकऱ्याने सर्वांची शेते क्रमाने भिजवावीत आणि गावाने त्याच्यावर देखरेख ठेवावी, अशी रचनाच होती. म्हणजे काम करणारा, लाभ घेणारा आणि नजर ठेवणारा हे तिघेही एकमेकांच्या दृष्टिपथात होते. संगणकावरील कामात लाभ घेणारा दूर असतो. माहितीची प्रत निघत नव्हती हे मूळ प्रत नष्ट झाल्यावरच कळते. म्हणून आता अनुभवी व्यवस्थापक काम ‘झाले’ अशी खूण दुसऱ्या यंत्राकडे पाठवतात आणि खूण आली नाही तर त्या दुसऱ्या यंत्राने हाक द्यावी अशी योजना करतात. पाटकऱ्याचे स्थान यंत्राला देण्याचा हा प्रयत्न आहे.

निष्कर्ष

या विवेचनावरून असे म्हणता येते की, क्रॉनच्या चार दशकांहून अधिक काळच्या वाटचालीत पाच रकान्यांचा मूळ तक्ता जवळजवळ बदलला नाही. बदल झाले ते तक्त्याबाहेर : अधिकाराच्या वाटणीत, चुकलेल्या पाळीच्या भरपाईत, गर्दी टाळण्यात आणि पहाऱ्यात. हे चारही प्रश्न नीरा खोऱ्यातील पाण्याच्या व विजेच्या पाळीत आधीपासून उभे होते. त्यांची उत्तरे तेथेही पूर्ण सापडलेली नाहीत, आणि टेलच्या शेतकऱ्याला ते सांगावे लागत नाही.

या तुलनेला आज व्यावहारिक महत्त्व आहे. बारामती येथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या पुढाकाराने २०२४ मध्ये उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू झाला. त्यात जमिनीतील संवेदक, हवामान केंद्रे आणि उपग्रहांची छायाचित्रे यांतून मिळणाऱ्या माहितीवर पाणी व खत यांचा सल्ला दिला जातो. अशा कोणत्याही व्यवस्थेच्या तळाशी ठरावीक अंतराने माहिती गोळा करणारे एखादे पत्रक असतेच. एखादा संवेदक दोन दिवस गप्प राहिला तर जुन्याच माहितीवर सल्ला जाईल की तो थांबेल, आणि गेलाच तर ते कोणाच्या लक्षात येईल, हे प्रश्न सल्ल्याच्या अचूकतेइतकेच मोलाचे आहेत.

महाविद्यालयांपुरते बोलावयाचे तर प्रवेश, परीक्षा व ग्रंथालय यांच्या नोंदी आता यंत्रावर आहेत आणि त्यांच्या प्रती रात्री आपोआप निघतात असे आपण मानतो. प्रत कधी निघाली यापेक्षा ती वापरून नोंदी परत उभ्या करता येतात काय, याची सत्रातून एकदा प्रत्यक्ष पडताळणी करणे आणि ती करणाऱ्या व्यक्तीचे नाव कामाच्या यादीत लिहिणे, एवढी व्यवस्था कोणत्याही महाविद्यालयाला स्वत:च्या बळावर करता येण्याजोगी आहे. तक्त्यात आज्ञा लिहिता येते. जबाबदारीसाठी मात्र माणसाचेच नाव लिहावे लागते.